जिवबा, जिवाजी आणि जिवा

महसूल खात्यात रुजू होऊन मला चार-पाच वर्षे झाली होती. उत्तर गोव्यातील एका मामलेदार कचेरीत काम करीत असताना माझ्या मेजावर एक प्रकरण आले. जमिनीचा तुकडा लहानच होता. वर काजूचा डोंगर आणि खाली भाताचे दोन कुणगे. एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून ‘जिवा’ असे नाव लागलेले होते. मुक्तीपूर्व काळातील एका पोर्तुगीज दस्तात ते ‘जिवाजी’ असे वाचता येत होते, आणि देवस्थानच्या जुन्या मोडी वहीत ‘जिवबा’ अशी नोंद होती. हे तिघे म्हणजे आपले एकच पणजोबा, असे अर्जदाराचे म्हणणे. विरुद्ध बाजूच्या वकिलांचे म्हणणे असे की, नावे तीन आहेत, तेव्हा माणसेही तीन आहेत. वडिलांचे नाव तिन्ही ठिकाणी असते तर प्रश्नच उद्भवला नसता. ते एकाच ठिकाणी होते.

मी टिपणी लिहिली. नामसाधर्म्य हा व्यक्ती एकच असल्याचा पुरावा मानता येत नाही, सबब अर्जदारांनी सक्षम न्यायालयातून निवाडा आणावा, असा तिचा आशय होता. टिपणी नियमाला धरून होती आणि वरिष्ठांनी ती मान्यही केली. अर्जदार सत्तर वर्षांचे गृहस्थ होते. आदेशाची नक्कल हातात घेऊन ते माझ्या मेजापाशी आले, रागावले मात्र नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘सायब, तुमका घरात सगळी एकाच नावान हाक मारतत काय?’’

मला घरात तीन नावांनी हाक मारीत. इतकेच नव्हे, तर माझ्या स्वतःच्या आजोबांचे नाव जिवबा होते. त्यांची आई त्यांना ‘जिवा’ म्हणे आणि लग्नपत्रिकांवर ते ‘जिवाजीराव’ होत. हे सारे मला ठाऊक असूनही टिपणी लिहिताना त्याची आठवण झाली नाही. त्या गृहस्थांना पुढे निवाडा मिळाला. पण त्यात दोन-अडीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा या नावाचा माग काढावा असे जे मनाने घेतले, त्याच्या मुळाशी ते प्रकरण आहे हे वाचकांना आरंभीच सांगितलेले बरे.

‘जिवबा’ हे नाव दिसायला घरगुती; पण त्याचे मूळ शुद्ध संस्कृत आहे. ‘जीव्’ म्हणजे जगणे. त्या धातूपासून जीव, जीवन, जीविका, संजीवनी, चिरंजीव अशी शब्दांची मोठी गोत्रावळ निघाली. हा धातू संस्कृतपुरताही नाही. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधील ‘विवुस’ आणि ग्रीकमधील ‘बिओस’ हे शब्द त्याच प्राचीन मुळाशी नेऊन भिडवितात. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक; तिच्यात ‘विवा’ म्हणजे ‘जगो’, ‘जय असो’. जून महिन्यात चोवीस तारखेला आपले ख्रिस्ती शेजारी डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरींत उड्या टाकताना ‘विवा सांजांव’ असा जो गजर करतात, त्यातला ‘विवा’ आणि पेडण्याच्या एखाद्या ओसरीवरचा म्हातारा ‘जिवा’ हे शब्द मुळात भाऊबंदच आहेत.

येथे दोन गैरसमज दूर करावेसे वाटतात. ‘राजीव’ या नावाचा जीव या शब्दाशी काही संबंध नाही. राजीव म्हणजे कमळ. आणि ‘जयाजी’ व ‘जिवाजी’ ही एकाच नावाची दोन रूपे नव्हेत. पहिल्याच्या मुळाशी जय आहे, दुसऱ्याच्या मुळाशी जीव. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात ही दोन्ही नावे आहेत, त्यामुळे गोंधळ वाढतो. जयाजीराव एकोणिसाव्या शतकातले, आणि जिवाजीराव (१९१६–१९६१) हे त्या संस्थानचे अखेरचे सत्ताधीश महाराज. या गोंधळाचा एक घरगुती मासला पुढे यायचा आहे.

प्राचीन काळी हे नाव धारण करणाऱ्यांत राजगृहाचा वैद्य जीवक सर्वांत प्रसिद्ध. तो बुद्धाच्या काळातला, मगधाच्या बिंबिसार राजाच्या पदरचा. सोळाव्या शतकात वृंदावनात जीव गोस्वामी झाले. आपल्या गोव्यात तर गोकर्ण-पर्तगाळी मठाच्या नावातच ‘जीवोत्तम’ आहे. त्या परंपरेतील तिसरे स्वामी जीवोत्तमतीर्थ यांचे ते नाव. पण ही झाली ग्रंथातली आणि मठातली रूपे. वेदान्तात जीव आणि शिव ही जोडी नित्याची, आणि मराठी माणसाने ती जोडी थेट रणात नेऊन उभी केली. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडविणाऱ्या जिवा महालाची आठवण ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत आजही जिवंत आहे. तो जिवा म्हणजे कोणी शास्त्री-पंडित नव्हे. हे नाव तेव्हाच किती खालपर्यंत, किती घराघरांत पोहोचले होते याची ही म्हण साक्ष देते.

‘जिवा’ला पुढे ‘जी’ किंवा ‘बा’ लागतो. ‘जी’ या आदरार्थी शब्दाचा संबंधही काही अभ्यासक ‘जीव’ याच शब्दाशी जोडतात. ते खरे असेल तर ‘जिवाजी’ या नावात एकच शब्द दोनदा आला असे म्हणावे लागेल. ‘बा’ मात्र आपला, मराठी मुलखाचा. विठोबा, खंडोबा, जोतिबा यांतला हा ‘बा’ देवाला बाप करतो आणि माणसाच्या नावाला लागला की लहान पोरालाही वडीलकी देतो. ‘जिवाजी’ हे कागदावरचे, दरबारातले नाव; ‘जिवबा’ हे ओसरीवरचे; आणि ‘जिवा’ आईच्या तोंडचे. माणूस एकच. देवस्थानच्या वहीत गावकऱ्यांच्या तोंडचे नाव उतरले, नोटरीपुढे दरबारी नाव गेले आणि जमिनीच्या मोजणीच्या वेळी शेतात उभ्या असलेल्या कोणा शेजाऱ्याने जे सांगितले ते उताऱ्यावर लागले. माझ्या मेजावरच्या त्या प्रकरणाचा उलगडा खरे तर इतका सोपा होता.

मोडीने आणि रोमन लिपीने त्यात आपापली भर घातली हेही खरे. मोडीत सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळीत नसत, त्यामुळे ‘जीव’ आणि ‘जिव’ हा वाद तेथे संभवतच नाही. पोर्तुगीज लेखनिक जसे ऐकू येई तसे आपल्या लिपीत उतरवी. शेणवीचे ‘सिनाय’, प्रभूचे ‘पोरोब’, कामतचे ‘कामोतीम’ झाले ते याच वाटेने, आणि त्यांतली काही रूपे आडनावे म्हणून कायमची चिकटली. पाळण्यातली नावे त्या मानाने वाचली, कारण ती रोज घरात उच्चारली जात. कागदावरचे रूप त्यांना बदलू शकले नाही.

पण यापेक्षा महत्त्वाचे कारण निराळे आहे आणि ते आपल्या महालांच्या इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात धर्मांतराबरोबर नावेही पालटली. बाप्तिस्म्याच्या वेळी जुने नाव मागे पडले आणि नवे नाव व आडनाव मिळाले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल त्या लाटेच्या बाहेर राहिले. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादींतील लोकांना त्यांचे धर्म आणि रीतिरिवाज पाळू देण्याचे धोरण ठरले होते. म्हणून म्हापशाच्या आसपास जी नावे सोळाव्या शतकात हरपली, ती शापोरा नदीच्या या तीरावर कुळांच्या तोंडी नांदत राहिली. आपल्यासारखी घराणी, जी घाटावरून वाडीकर सावंतांच्या आश्रयाला आली आणि मग येथे लेखणीवर किंवा तलवारीवर वतने मिळवून राहिली, त्यांना आजोबाचे नाव नातवाला ठेवण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

आता ज्या जिवबामुळे या नावाला पेडणे महालात वलय आले, त्यांच्याकडे वळतो. जिवबादादा केरकर, इतिहासातले जिवबादादा बक्षी, हे पेडणे महालातील केरी गावचे. गोव्यात केरी तीन आहेत. एक सत्तरीत, चोर्ल्याच्या घाटवाटेवरचे. दुसरे फोंड्यात, विजयादुर्गेचे. आणि तिसरे आपले, तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेले, आजोबा देवस्थानाचे. जिवबादादांचे केरी ते हे. नदीच्या पलीकडच्या तीरावर तेरेखोलचा किल्ला दिसतो. सावंतांनी बांधलेला तो किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली घेतला. जिवबादादांचे बालपण त्याच काळातले. गावासमोरच्या किल्ल्यावर परक्याचे निशाण आणि पायाखालची जमीन मात्र वाडीकरांची, असा तो काळ होता.

कागदपत्रांत त्यांचे नाव ‘जिवाजी बल्लाळ’ असे येते. ‘बल्लाळ’ हे येथे आडनाव नव्हे, ते वडिलांचे नाव. थोरल्या बाजीरावांना ‘बाजीराव बल्लाळ’ म्हणत त्याच रीतीने. हा मुलगा उत्तरेत गेला आणि महादजी शिंद्यांच्या पदरी चढत चढत बक्षीगिरीपर्यंत पोहोचला. बक्षी म्हणजे फौजेच्या हजेरीचा आणि पगाराचा अधिकारी. फौज पोसणारा आणि म्हणून फौज ज्याचे ऐकते असा माणूस. शिंद्यांच्या दरबारात तेव्हा कोकण-गोव्याकडच्या सारस्वत मुत्सद्द्यांचा आणि सरदारांचा मोठा मेळा होता. त्यांची नावे पाहा : जिवाजीचे जिवबादादा, लक्ष्मणाचे लखबादादा, जगन्नाथाचे जगोबा बापू, आणि बाळोबातात्या पागनीस. संस्कृत नावाला ‘बा’ आणि त्यापुढे दादा, बापू, तात्या असे नाते. दिल्लीच्या बादशहाच्या दारात हजारोंची फौज घेऊन उभी राहिलेली ही माणसे एकमेकांना आपल्या घरातल्यासारखीच हाक मारीत होती, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

१७८८ हे वर्ष जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. त्या वर्षी रोहिला सरदार गुलाम कादिर याने दिल्लीच्या किल्ल्याचा ताबा घेऊन ऑगस्टमध्ये शहा आलम बादशहाचे डोळे काढले. महादजींनी पाठविलेल्या फौजेने ऑक्टोबरात दिल्ली परत मिळविली. तिच्या म्होरक्यांत राणेखान होता, पानिपतानंतर जखमी महादजींना वाचविणारा पखालजी म्हणून ज्याची कथा सांगतात तो. आणि त्याच्याबरोबर केरीचे जिवबादादा होते. गुलाम कादिर मेरठकडे पळाला. डिसेंबरात तो हाती लागला आणि पुढच्या मार्च महिन्यात त्याला देहान्त शासन झाले. केरीच्या वाळूत खेळलेला मुलगा हिंदुस्थानच्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविणाऱ्यांत होता.

आणि त्याच १७८८ साली त्याचा स्वतःचा गाव, अवघ्या पेडणे महालासह, सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला.

या दोन घटना केवळ एका वर्षात पडल्या एवढाच त्यांचा संबंध नाही. वाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांचा विवाह जयाप्पा शिंद्यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाला होता. शिंद्यांच्या वजनामुळे दिल्ली दरबारातून खेम सावंतांना ‘राजे बहादूर’ हा किताब मिळाला आणि पुढे मोरचेलाचा मानही मिळाला. हा मान कोल्हापूरकरांना रुचला नाही. त्यांनी वाडीवर मोहिमा केल्या, किल्ले घेतले. खेम सावंतांना मदतीसाठी पोर्तुगिजांकडे हात पसरावा लागला आणि त्या मदतीची किंमत म्हणून पेडणे द्यावे लागले. सावंतवाडीच्या इतिहासात ही हकिकत अशीच सांगितली जाते. म्हणजे ज्या शिंद्यांचे दिल्लीतील वजन जिवबादादांसारखी माणसे वाढवीत होती, त्याच वजनातून आलेल्या एका मानचिन्हापायी त्यांचा जन्मगाव दुसऱ्या राज्यात गेला. ही बातमी त्यांना उत्तरेत केव्हा कळली असेल आणि तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, असा विचार केरीच्या फेरीधक्क्यावर उभे राहिले की माझ्या मनात हटकून येतो.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १७९० साली जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता येथे शिंद्यांच्या फौजेने द बॉयनच्या कवायती पलटणींसह जे विजय मिळविले, त्या मोहिमांत जिवबादादा होते. १७९३ च्या लाखेरीच्या लढाईत होळकरांविरुद्धही होते. मराठ्यांनी मराठ्यांशी दिलेली ती लढाई. तिचा अभिमान धरावा असे काही नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. तरुण दौलतरावांच्या काळी, ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठेशाहीचे सगळे सरदार शेवटचे एकत्र आले, तेव्हा शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व जिवबादादांकडे होते. १७९६ च्या आरंभी ते निवर्तले. त्यांच्यामागे शिंद्यांच्या घरात जी भाऊबंदकी माजली, तिच्यात त्यांचे पुत्र नारायणराव बक्षी यांचा क्रूर अंत झाला.

पेडण्याच्याच मातीतला आणखी एक पुरुष याच काळात उत्तरेत गेला होता. संत सोहिरोबानाथ आंबिये. त्यांचे पाळण्यातले नाव अच्युत. जिवबादादांनीच त्यांची महादजींशी भेट घडवून आणली अशी परंपरा आहे, आणि महादजींच्या कवितेविषयी या अवधूताने राजाची भीड न धरता आपले मत सांगितले असेही सांगतात. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे, ते ‘सोहिरोबानाथ’ असे. अच्युत हे नाव आता अभ्यासकांपुरते उरले. जिवबांचे उलट झाले. दरबारी ‘जिवाजी बल्लाळ’ कागदात राहिले आणि घरची हाक इतिहासात गेली.

येथवरचा भाग ग्रंथांतून कोणालाही मिळेल. आता घरचा भाग.

आमच्या घराण्यात लहानपणापासून ऐकत आलो की, आम्ही बक्षींची माणसे. आम्ही केरकर नव्हे, सारस्वतही नव्हे, त्यामुळे रक्ताच्या नात्याचा प्रश्न नव्हता. पण आमचा कोणी पूर्वज जिवबादादांच्या पथकात होता, त्यांच्या मर्जीतला होता, आणि त्यांच्या सन्मानार्थ आमच्या घरात जिवबा हे नाव आले, अशी ती कथा होती. ‘‘आमी बक्षींची माणसा,’’ हे वाक्य माझे चुलत चुलते इतक्या ठसक्यात म्हणत की ऐकणाऱ्याला पुरावा विचारण्याची हिंमत होत नसे. आमची एक शाखा डिचोली महालात आहे. तिकडचे माझे एक थोरले चुलतबंधू तर ग्वाल्हेरला जाऊन जीवाजी विश्वविद्यालयाच्या दारात फोटो काढून आले आणि तो त्यांनी ओसरीवर लावला. १९६४ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ जिवाजीराव महाराजांच्या नावाचे, बक्षींचा त्याच्याशी संबंध नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. ‘‘भाऊ, नाव तर तेच ना?’’ एवढेच उत्तर मिळाले. माझी ती जुनी टिपणी त्यांना ठाऊक नव्हती, नाही तर ती त्यांनी माझ्याच तोंडावर मारली असती.

कुलवृत्तांत लिहावयास घेतला तेव्हा ही कथा पहिल्याच पानावर यावी असा सगळ्यांचा आग्रह होता. नोकरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांना पुरावे मागितले, तेव्हा आपल्या घरच्या कथेला मागणे भाग होते. डिचोलीतील शाखेकडे वंशावळीचा एक जुना मोडी कागद होता. कडा वाळवीने खाल्लेल्या. पण मधला भाग शाबूत. पुतण्याच्या मदतीने त्याचे मोठे छायाचित्र घेतले आणि महिनाभर तो वाचीत बसलो. त्यात वर्षे नाहीत, नुसती नावे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा आहेत. पहिला जिवबा सापडला तो माझ्यापासून वर सातव्या पिढीत. एका पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली, तर त्याचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यात जातो. म्हणजे तो जवळजवळ बक्षींच्याच वयाचा. तो पाळण्यात होता तेव्हा बक्षी एक तर पाळण्यात असतील, नाही तर केरीच्या वाळूत खेळत असतील. त्यांच्या कीर्तीवरून त्याचे नाव ठेवले गेले हे घडणेच शक्य नाही.

मग हे नाव आले कोठून? त्याच कागदावर त्या जिवबाच्या डावीकडे, त्याच बापापासून निघालेल्या तीन आखूड रेषा आहेत. त्यांच्या टोकाला नावे नाहीत. अशा रेषा म्हणजे नाव ठेवण्यापूर्वी किंवा त्यानंतर लवकरच गेलेली मुले. चौथी रेषा जिवबाची आहे आणि तीच खाली लांबवर, आम्हा सगळ्यांपर्यंत येते.

कागद वाचल्यावर मला माझ्या आजीचे एक वाक्य आठवले. ते मी लहानपणी अनेकदा ऐकले होते आणि बक्षींच्या कथेपुढे त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. आजोबांच्या नावाचा विषय निघाला की ती म्हणे, ‘‘जीव रवांदे म्हणान जिवबा.’’ जीव राहो, तगो, म्हणून जिवबा. बायकांच्या तोंडी उरलेली ही दुसरी कथा. मुले जगत नसली म्हणजे आपल्याकडे पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हलके ठेवीत. भिकू, धोंडू, दगडू, केरू. दगडाकडे, भिकाऱ्याकडे, केराकडे मृत्यू कशाला पाहील, हा त्यामागचा भोळा हिशेब. अशी नावे आपल्या दोन्ही महालांत घरोघर होती. ‘जिवबा’ त्यांच्याच पंगतीतले, पण उलट्या बाजूने बसलेले. ती नावे मृत्यूला चकवू पाहतात. हे नाव उघडउघड जगण्याचे मागणे मागते. आपल्या बोलीत तर ‘जीव’ म्हणजे प्रकृतीही. ‘जिवाक बरां ना’ असे आपण सहज म्हणतो. देवीची साथ आणि बाळंतरोग यांनी पाळणे रिकामे होत त्या काळी आईबापांनी मुलाला दिलेले हे नाव म्हणजे कोणा सरदाराचे स्मरण नव्हते. खुद्द केरीच्या जिवबांनाही ते नाव अशाच कारणाने मिळाले नसेल कशावरून? पण तेथे माझ्याजवळ कागद नाही, म्हणून तो तर्क येथेच सोडतो.

ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा ती कोणाला फारशी आवडली नाही. बक्षींच्या फौजेतून चालत आलेले नाव तीन मेलेल्या मुलांच्या मागून आले असे ऐकायला कोणाला आवडेल? डिचोलीच्या बंधूंनी तर, सरकारी नोकरीने माझी दृष्टी कोरडी झाली आहे, असे स्पष्टच सुनावले. त्यांचे दुःख मला कळत नाही असे नाही. वाडीकर गेले, फिरंगी आले, तेही गेले, वतने गेली, कसेल त्याची जमीन झाली. अशा घराण्यांपाशी एखादी कथा तेवढी उरते. ती कोणी घरचाच माणूस काढून घेऊ लागला तर राग येणारच.

आता नव्या पिढीत जिवबा हे नाव कोणी ठेवीत नाही. माझ्या मुलाचे नाव आम्ही संजीव ठेवले. आजोबांची आठवणही राहिली आणि शाळेत कोणी हसलेही नाही. गोव्यात १९९० पासून नाव आणि आडनाव बदलण्याचा स्वतंत्र कायदा आहे, आणि जुने नाव टाकून नवे घेणाऱ्यांचे अर्ज मी नोकरीत असताना पाहिलेले आहेत. जुने घेण्यासाठी आलेला अर्ज एकही आठवत नाही. मात्र आपल्या पेडण्यातच, मोपाच्या पठारावर, जानेवारी २०२३ पासून जी विमाने उतरू लागली, त्या विमानतळाला माणसाचे पाळण्यातले नाव आहे, आडनाव नाही. ‘मनोहर’. पर्रीकर म्हटले असते तरी चालले असते; पण घरची हाक लोकांना जवळची वाटली असावी.

दोन वर्षांपूर्वी संजीवला मुलगा झाला. सूनबाईंचे दिवस पुरे होण्यापूर्वीच प्रसूती झाली आणि बाळाला काही आठवडे काचेच्या पेटीत ठेवावे लागले. त्या दिवसांत आम्ही रोज रुग्णालयात जात होतो आणि रोज त्याच बाकावर बसून परत येत होतो. बारसे लांबणीवर पडले, नाव ठरलेले नव्हते. परिचारिका त्याला आईच्या नावाने ओळखीत. मी मात्र काचेच्या या बाजूने त्याला मनातल्या मनात कोणत्या नावाने हाक मारीत होतो, ते सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे बारसे थाटात झाले. त्याचे कागदावरचे नाव त्याच्या आईबापांनी निवडले आहे, सुटसुटीत आणि आजच्या चालीचे. घरात त्याला जिवा म्हणतात. सुरुवात मी केली नाही, त्याच्या आजीने केली.

कुलवृत्तांताची नवी प्रत आता तयार आहे. बक्षींच्या पथकाची कथा मी पहिल्या पानावरून काढली आणि ‘घरात सांगत आलेली गोष्ट’ म्हणून शेवटी घेतली. डिचोलीच्या बंधूंना एवढ्यावर समाधान मानावे लागले. वंशावळीचा तक्ता संगणकावर काढून देणाऱ्या मुलाने त्या तीन निनावी रेषा चूक समजून पुसल्या होत्या. मी त्याला त्या परत घालावयास सांगितल्या.